लघुप्रतिमा युद्धखेळांचे संगणकीय पुनर्दर्शन

लघुप्रतिमा युद्धखेळांचे संगणकीय पुनर्दर्शन म्हणजे मेजावर सैनिकांच्या छोट्या प्रतिमा मांडून खेळलेली लढाई संगणकात टप्प्याटप्प्याने नोंदवणे आणि ती नंतर पडद्यावर पुन्हा घडताना पाहता येईल अशी व्यवस्था करणे. या कामासाठी तयार केलेल्या सॉफ्टवेअरला स्वतः खेळ खेळता यावा लागत नाही. नियमांचा निवाडाही त्याने करावा अशी अपेक्षा नसते. कोणती तुकडी कोठे होती, कोठे गेली, कोणी कोणावर मारा केला, फासे काय पडले आणि परिणाम काय झाला, एवढे विश्वासार्हपणे सांभाळणे हे त्याचे मुख्य काम होय. संगणकावरच खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांहून हा प्रकार वेगळा आहे. येथे लढाई मेजावर होते आणि संगणक केवळ तिचा लेखनिक असतो.

बुद्धिबळाचा संपूर्ण डाव कागदाच्या एका पानावर मावतो, कारण पटावर ६४च घरे असतात आणि प्रत्येक मोहरे कोणत्या तरी एका घरातच असते. लघुप्रतिमांच्या मेजावर घरे नसतात. तुकडी किती सरकली हे मोजपट्टीने इंचांत मोजतात, ती कोणत्या कोनात वळली यालाही महत्त्व असते, आणि टेकडी, भिंत किंवा झाडी आड आली की नेम लागतो की नाही हे डोळ्यांनी पाहून ठरवावे लागते. नोंद ठेवण्यातील बहुतेक अडचणी या एका फरकातून उद्भवतात.

पार्श्वभूमी

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडण्याची प्रथा मराठी वाचकांच्या परिचयाची आहे. लघुप्रतिमा युद्धखेळात मांडणी साधारण तशीच असते. मात्र तिच्या जोडीला चाल, मारा, हानी आणि सैन्याचे मनोधैर्य यांचे काटेकोर नियम असतात.

या नियमबद्ध खेळाचा उगम प्रशियात झाला. गेओर्ग लिओपोल्ड फॉन राइसविट्झ यांनी १८१२ मध्ये राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याच्यासमोर भूप्रदेशाच्या तुकड्या जोडून तयार होणारा युद्धखेळ मांडला. त्यांच्या मुलाने १८२४ मध्ये त्याचे नियम सुधारून प्रसिद्ध केले. हा ‘क्रीगश्पील’ १:८००० प्रमाणाच्या नकाशावर लाल व निळ्या ठोकळ्यांनी खेळला जाई आणि त्यातील एक फेरी प्रत्यक्षातील दोन मिनिटांची मानली जाई. खेळाडू आपले हुकूम लिहून पंचाकडे देत. ठोकळे हलवण्याचे काम पंचाचे असे. नोंदीच्या दृष्टीने ही पद्धत फार मोलाची होती. ठोकळा कोठे गेला याखेरीज खेळाडूने त्याला कोठे जाण्यास सांगितले होते, हेही तिच्यात लेखी उरत असे. नंतरच्या बहुतेक छंदवजा खेळांतून हा दुसरा भाग नाहीसा झाला.

सामान्य माणसाच्या घरात हा खेळ नेण्याचे श्रेय बहुधा एच. जी. वेल्स यांच्या ‘लिटल वॉर्स’ (१९१३) या पुस्तकाला दिले जाते. नियमांबरोबरच एका काल्पनिक लढाईचा सविस्तर वृत्तांत त्यांनी छायाचित्रांसह दिला. खेळलेल्या लढाईची कथा लिहिण्याची प्रथा पुढे युद्धखेळांच्या नियतकालिकांत रुजली आणि अशा लेखाला ‘बॅटल रिपोर्ट’ म्हटले जाऊ लागले. आजच्या पुनर्दर्शन सॉफ्टवेअरचा खरा पूर्वज हा वृत्तांतच होय. वृत्तांताचा दोष असा की तो बहुधा आठवणीवर विसंबून आणि अनेकदा विजेत्याच्या लेखणीतून उतरतो.

पाहिलेली लढाई तपासता यावी ही गरज सैन्यालाही होती. दुसऱ्या महायुद्धात लिव्हरपूल येथे १९४२ मध्ये स्थापन झालेल्या ‘वेस्टर्न ॲप्रोचेस टॅक्टिकल युनिट’मध्ये कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स व ब्रिटिश महिला नौदलातील तरुणी खोलीच्या जमिनीवर जहाजांचे युद्धखेळ घेत. जहाजांचे मार्ग खडूने आखले जात. पाणबुड्यांसाठी हिरवा खडू वापरीत, कारण पडद्यातील फटीतून पाहणाऱ्या खेळाडूंना तो जमिनीच्या रंगात दिसत नसे. खेळ संपल्यावर पडदे बाजूला होत आणि अधिकारी सगळ्या रेषा प्रथमच एकत्र पाहत. खेळातील प्रत्येकाला काय दिसत होते आणि प्रत्यक्षात काय होते, या दोन्ही गोष्टी त्या जमिनीवर शेजारीशेजारी उमटलेल्या असत. चांगल्या पुनर्दर्शन सॉफ्टवेअरकडून आजही हीच अपेक्षा केली जाते.

नोंद नंतर बदलता येऊ नये, हा मुद्दाही लष्करी इतिहासातूनच पुढे आला आहे. जपानी नौदलाने मिडवेच्या लढाईपूर्वी घेतलेल्या युद्धखेळात बुडालेली एक विमानवाहू नौका पुन्हा तरंगती करण्यात आली, असे मित्सुओ फुचिदा यांच्या लेखनात आढळते. या वृत्तांतातील तपशिलांबाबत इतिहासकारांत मतभेद आहेत. हे मतभेद सुटत नाहीत, कारण त्या खेळाची फेरीनिहाय नोंद कोणापुढेही नाही.

अवस्था आणि घटना

पुनर्दर्शनासाठी लढाई साठवण्याच्या दोन मूलभूत पद्धती आहेत. पहिलीत ठरावीक क्षणी मेजाची पूर्ण अवस्था साठवतात: प्रत्येक तुकडीचे स्थान, दिशा, उरलेले सैनिक. दुसरीत सुरुवातीची मांडणी एकदा साठवून नंतर केवळ घटना लिहितात: अमुक तुकडी चार इंच पुढे, तमुक तोफेचा मारा, तीन सैनिक ठार.

अवस्थांची पद्धत म्हणजे छायाचित्रांचा संग्रह. कोणतेही छायाचित्र थेट काढून पाहता येते आणि एखादे बिघडले तरी बाकीची शाबूत राहतात. मात्र दोन छायाचित्रांच्या मधे काय झाले, ते त्यात नसते. फेरीच्या आरंभी एक पलटण टेकडीच्या अलीकडे होती आणि अखेरीस पलीकडे. ती टेकडीवरून गेली की वळसा घालून गेली, हे अवस्था सांगत नाही. घटनांच्या पद्धतीत हे कळते, शिवाय कारण आणि परिणाम यांचा क्रम टिकतो. तिची अडचण जमाखर्चाच्या वहीसारखी आहे: मधली एक रक्कम चुकली की पुढील प्रत्येक शिल्लक चुकते. आठव्या फेरीतील चित्र हवे असल्यास पहिल्यापासून सर्व घटना क्रमाने लावाव्या लागतात. म्हणून व्यवहारात दोहोंचा मेळ घालतात. घटना सलग लिहायच्या आणि प्रत्येक फेरीच्या अखेरीस एक पूर्ण अवस्था साठवायची. घटना लावून येणारे चित्र आणि साठवलेली अवस्था जुळली नाही, तर नोंदीत कोठे तरी चूक आहे हे सॉफ्टवेअर लगेच दाखवू शकते.

चूक दुरुस्त करतानाही जुनी ओळ खोडण्याऐवजी खाली दुरुस्तीची नवी ओळ लिहिणे श्रेयस्कर मानले जाते. खेळाडूंनी चाल मागे घेतली असेल, तर ‘मागे घेतली’ हीदेखील एक घटनाच असते.

संगणकीय खेळांतील पुनर्दर्शनाशी तुलना केल्यास येथील एक अडचण अधिक स्पष्ट होते. ‘डूम’ (१९९३) या प्रसिद्ध खेळाच्या नोंदीत खेळाडूने दाबलेल्या कळा तेवढ्या साठवल्या जात. शत्रूंच्या हालचाली साठवल्याच जात नसत. त्या खेळातील यदृच्छा अंक २५६ संख्यांच्या एका ठरलेल्या कोष्टकातून क्रमाने घेतले जात, त्यामुळे त्याच कळा पुन्हा दिल्या की तोच खेळ जसाच्या तसा घडे. या युक्तीने नोंद अतिशय लहान होई. तिची किंमत अशी की खेळाची आवृत्ती बदलली की जुनी नोंद भलत्याच मार्गाने भरकटे: ज्या ठिकाणी पूर्वी दार उघडे होते तेथे खेळाडू भिंतीवर आपटत राही. मेजावरच्या खेळाला ही युक्ती लागू पडत नाही. त्याचे नियम संगणकात नसतात, ते दर काही वर्षांनी बदलतात, आणि खेळाडू आपापसांत ठरवून त्यांत भर घालतात. म्हणून परिणाम पुन्हा गणित करून काढण्याऐवजी तो घडला तसा लिहून ठेवणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

अंतर, कोन आणि वळण

जुन्या प्रथेनुसार बरेच खेळ ६ फूट × ४ फूट, म्हणजे ७२ × ४८ इंचांच्या मेजावर होतात. चाल इंचांत मोजली जाते, तर प्रतिमांच्या बैठका मिलिमीटरमध्ये असतात. २०, २५ आणि ४० मिलिमीटर ही मापे सर्रास आढळतात. दोन्ही मापे एकत्र वापरताना दशांश अपूर्णांकांची गफलत होते. संगणक ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेहमीच्या द्विमान पद्धतीत तंतोतंत ०.३ अशी करू शकत नाही. अत्यल्प फरक राहतो. एका चालीत तो नगण्य असतो. पण ‘शत्रू बरोबर १२ इंचांवर आहे, मारा पोहोचतो’ अशा सीमेवरच्या प्रसंगी निर्णय उलटण्यास तेवढा फरक पुरतो. यावर सोपा उपाय म्हणजे सर्व अंतरे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात पूर्णांकांनी साठवणे. एक इंच म्हणजे असे २५४० भाग, आणि ६ फुटांची मेजाची लांबी १,८२,८८० भाग. या संख्या संगणकाला मुळीच मोठ्या नाहीत.

वळणाचा प्रश्न अधिक रोचक आहे. रांगेत उभी तुकडी एका कोपऱ्यावर खिळून दारासारखी फिरते, तेव्हा बहुतेक नियमांत बाहेरच्या कोपऱ्याने कापलेले अंतर मोजतात. २० मिलिमीटर बैठकीच्या पाच सैनिकांची रांग १०० मिलिमीटर रुंद असते. ती ९० अंशांत वळली तर बाहेरचा कोपरा सुमारे १५७ मिलिमीटर लांबीचा कंस कापतो. सॉफ्टवेअर लिहिणारा नवखा असेल, तर तो प्रत्येक कोपऱ्याचे आरंभस्थान आणि अंतिम स्थान घेऊन त्यांच्यात सरळ रेषेने हालचाल दाखवतो. मग बाहेरचा कोपरा कंसाऐवजी १४१ मिलिमीटरच्या सरळ रेषेवरून जातो आणि वळणाच्या मध्यावर तो खिळलेल्या कोपऱ्यापासून ७१ मिलिमीटरवरच असतो. पडद्यावर १०० मिलिमीटरची पलटण आकसून पुन्हा पसरल्यासारखी दिसते. आरंभ आणि अंत दोन्ही अचूक असूनही मधली चाल खोटी ठरते. हा दोष टाळण्यासाठी चालीच्या नोंदीत स्थानांबरोबर चालीचा प्रकारही हवा: सरळ, तिरपी, कोपऱ्यावर वळण किंवा जागच्या जागी फिरणे.

दृष्टिरेषेच्या बाबतीत सॉफ्टवेअरने फारसा हट्ट धरू नये. अनेक नियमावल्यांत खेळाडू प्रतिमेच्या डोळ्यांच्या पातळीवर वाकून शत्रू दिसतो का ते पाहतात. वरून दिसणाऱ्या सपाट नकाशात झाडाच्या फांद्यांमधली फट किंवा पडक्या भिंतीतली खिडक उरत नाही. अशा वेळी ‘दिसते असे दोघांनी मान्य केले’ एवढीच नोंद प्रामाणिक ठरते.

फासे

मेजावर टाकलेला फासा पुन्हा तसाच पाडता येत नाही, म्हणून प्रत्येक फाशाचा अंक लिहावा लागतो. ‘दहा फासे टाकले, चार नेम लागले’ ही नोंद वृत्तांताला पुरेशी वाटते, पण तीतून नंतर काही तपासता येत नाही. पाच किंवा अधिक अंकाला नेम लागतो असे धरले होते की चार किंवा अधिकला, हे प्रत्यक्ष अंक लिहिलेले असतील तरच कळते. फेरटाक झाली असल्यास आधीचा अंकही राखावा लागतो. मोठ्या लढाईत शेकडो फासे पडतात आणि हे सगळे हाताने भरणे कंटाळवाणे होते. बहुतेक हौशी नोंदी येथेच अर्धवट सुटतात. त्यामुळे काही सॉफ्टवेअरांत तपशीलवार आणि संक्षिप्त अशा दोन्ही पातळ्यांवर नोंद करण्याची सोय ठेवतात. तपशील नसलेल्या जागी संगणकाने आपल्या मनचे अंक भरू नयेत, हा यातील महत्त्वाचा दंडक होय.

छायाचित्रांवरून नोंद

हाताने भरण्याचे श्रम वाचवण्यासाठी मेजाची छायाचित्रे घेऊन त्यांवरून स्थाने काढता येतात. तिरप्या छायाचित्रातील मेज आयताकृती न दिसता वेडेवाकडे दिसते. परंतु मेजाचे चार कोपरे ओळखता आले की गणिताने ते चित्र सरळ करून वरून पाहिल्यासारखे बनवता येते. या रूपांतरासाठी किमान चार ज्ञात बिंदू लागतात.

हे गणित केवळ मेजाच्या सपाट पृष्ठभागाला लागू पडते, ही बाब अनेकदा विसरली जाते. कॅमेरा मेजापासून २ मीटर उंचीवर असेल आणि त्याच्या पायथ्यापासून ९० सेंटिमीटर दूर १० सेंटिमीटर उंचीच्या टेकडीवर एखादा सैनिक उभा असेल, तर सरळ केलेल्या चित्रात तो खऱ्या जागेपेक्षा सुमारे ४.७ सेंटिमीटर बाहेर सरकलेला दिसतो. म्हणजे पावणेदोन इंचांहून जास्त चूक होते, आणि अनेक खेळांत तेवढ्या अंतरावर पलटणीचे भवितव्य ठरते. टेकड्यांची उंची आधीच नोंदवून ठेवली तर ही चूक दुरुस्त करता येते. कॅमेरा जितका उंच टांगावा तितकी ती कमीही होते. घराच्या छताला अर्थातच मर्यादा असते.

ऐतिहासिक लढायांची पुनर्रचना

याच सॉफ्टवेअरमध्ये खेळलेल्या लढाईऐवजी इतिहासातील लढाई भरता येते आणि शिक्षणासाठी तिचा उपयोग होतो. येथे पुराव्याचा प्रश्न अधिक तीव्र होतो. विल्यम सायबोर्न यांनी १८३८ मध्ये पूर्ण केलेली वॉटर्लूच्या लढाईची प्रचंड प्रतिकृती आज लंडनच्या राष्ट्रीय लष्कर संग्रहालयात आहे. ती त्या दिवशीचा सायंकाळी सातच्या सुमाराचा एकच क्षण दाखवते. त्या क्षणी प्रशियन सैन्य नेमके कोठपर्यंत पोहोचले होते यावरून मोठा वाद झाला. एका क्षणासाठी एवढा वाद होत असेल, तर संपूर्ण दिवसाच्या हालचाली दाखवणाऱ्याला अशा अनेक क्षणांचा जाब द्यावा लागतो.

सध्याच्या जालना जिल्ह्यातील असईची लढाई (२३ सप्टेंबर १८०३) हे याचे चांगले उदाहरण आहे. युद्धखेळाडूंमध्ये ती लोकप्रियही आहे. अँथनी पोलमन याच्या हाताखालील शिंद्यांच्या कवायती पलटणी केळणा नदीच्या काठाने दक्षिणेकडे तोंड करून उभ्या होत्या. आर्थर वेलस्ली याने समोरून हल्ला न करता दूरच्या उताराने नदी ओलांडून त्यांची बगल गाठली. तेव्हा पलटणींनी आघाडी फिरवली आणि केळणा नदी ते असई गाव अशी पूर्वाभिमुख फळी धरली. आरंभीची आणि नंतरची अशा दोन्ही फळ्या बऱ्यापैकी निश्चित आहेत. सॉफ्टवेअरला मधली हालचाल दाखवायला सांगितले, तर सारी फळी एखाद्या भल्यामोठ्या दारासारखी डौलाने फिरताना दिसेल. प्रत्येक पलटण खरोखर कोणत्या वाटेने आणि कोणत्या क्रमाने गेली याचा पुरावा त्या चित्रामागे नसतो. ते यंत्राने भरलेले असते. शिंद्यांच्या पलटणींनी हा अवघड पालट शत्रूसमोर वेळेत पार पाडला, ही कवायती सैन्याच्या इतिहासातील लक्षणीय गोष्ट मात्र त्यातून निश्चित दिसते.

त्याच लढाईतला दुसरा प्रसंग हुकमाच्या नोंदीचे महत्त्व दाखवतो. इंग्रजांच्या उजव्या बाजूची तुकडी घेऊन निघालेला कर्नल ऑरॉक असई गावाच्या तोफांच्या टप्प्यापासून दूर राहण्याऐवजी थेट गावाकडे वळला. त्याच्यामागून गेलेल्या ७४व्या हायलँडर्स पलटणीची भयंकर हानी झाली. केवळ स्थाने साठवलेली नोंद पाहणारा विद्यार्थी हा गावावरील ठरवून केलेला हल्ला समजेल. हुकूम वेगळा आणि चाल वेगळी, अशा दोन ओळी असतील तरच चूक ही चूक म्हणून दिसते.

आधुनिक काळात ‘७३ ईस्टिंग’च्या लढाईची (२६ फेब्रुवारी १९९१, आखाती युद्ध) संगणकीय पुनर्रचना अमेरिकेत करण्यात आली. त्यासाठी लढलेल्या सैनिकांच्या मुलाखती घेतल्या गेल्या आणि प्रत्यक्ष रणभूमीवरील खुणा तपासल्या गेल्या. प्रेक्षकाला ती लढाई कोणत्याही बिंदूवरून पाहता येई. लढाईनंतर लगेच साक्षीदार उपलब्ध असणे हे भाग्य असईच्या वाट्याला येणे शक्य नव्हते. अशा वेळी ज्ञात स्थाने ठळक आणि अनुमानित हालचाली फिक्या किंवा तुटक रेषेने दाखवणे, हा नकाशाशास्त्रातील जुना संकेत पुनर्दर्शनातही पाळता येतो. दुर्दैवाने दिसण्यातील सफाईला महत्त्व देणारी सॉफ्टवेअर दोन्ही एकाच रंगात रंगवतात.

प्रचलित साधने आणि धारिकांचे स्वरूप

‘वासल’ हे मुक्तस्रोत साधन जावा भाषेत लिहिलेले असून ‘ॲडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर’ या पटावरील युद्धखेळासाठी केलेल्या सॉफ्टवेअरमधून ते विकसित झाले. त्याच्या नोंदधारिकेतील चाली एकेक पाऊल पुढे नेत पाहता येतात, आणि पत्रव्यवहाराने खेळणाऱ्यांना ही सोय विशेष उपयोगी पडते. २०१५ मध्ये आलेला ‘टेबलटॉप सिम्युलेटर’ वस्तूंचे वजन, आदळणे व फाशांचे घरंगळणे यांची नक्कल करून मेजाचाच आभास उभा करतो. पहिल्या साधनाचा भर क्रमबद्ध नोंदीवर आहे, दुसऱ्याचा प्रत्यक्ष खेळल्याच्या अनुभवावर. घरच्या मेजावरची लढाई फेरीनिहाय नकाशांच्या रूपात भरून देणारी छोटी सॉफ्टवेअरही हौशी प्रोग्रामरांनी तयार केली आहेत.

बुद्धिबळासाठी १९९३ पासून ‘पीजीएन’ हे साधे मजकूररूप प्रचारात आहे. ते कोणत्याही संगणकावर उघडते आणि माणसालाही वाचता येते. लघुप्रतिमा युद्धखेळांसाठी असे सर्वमान्य स्वरूप रूढ झालेले नाही. प्रत्येक सॉफ्टवेअर आपल्या स्वतंत्र धारिका बनवते आणि ते बंद पडले की त्यातील लढायाही बहुधा वाचता येईनाशा होतात. यामुळे अनुभवी नोंदकर्ते धारिकेसोबत साध्या मजकुरात फेरीनिहाय टाचण, मेजाचे माप, वापरलेल्या नियमावलीची आवृत्ती आणि आरंभीच्या मांडणीचे एक छायाचित्र वेगळे जपून ठेवतात.